लोकर, कापूस आणि एकाच बाजूने उघडणारे दार



जिल्हा बैठकीपुढे या वेळी कापसाचे दोन ठराव आले आहेत. एक म्हणतो, परदेशी रुईवर जबर आयात शुल्क लावा, एक गाठही बंदरात उतरू देऊ नका. दुसरा म्हणतो, आमची रुई बाहेर जाण्यावर यापुढे कधीही बंदी घालणार नाही, असे सरकारने लिहून द्यावे. दोन्ही ठराव मांडणारे कोरडवाहू कापूसवालेच आहेत आणि दोघांचे दुखणेही एकच आहे. औषधे मात्र उलटी. एकाला दार लावून हवे, दुसऱ्याला उघडून. दोन्ही ठराव हात वर करून मंजूर करावेत आणि जेवायला बसावे, असेही करता येईल. बऱ्याच सभांतून आजवर तसेच झाले आहे. पण दार लावावे की उघडावे याबद्दल आपलेच मन पक्के नसले, तर दाराची कडी गिरणीवाल्याच्या हातात राहते. त्याचे मन फार पूर्वी पक्के झालेले आहे.

ऑगस्ट २०२५ आठवा. अमेरिकेने आपल्या देशातून जाणाऱ्या मालावर आधी २५ आणि मग आणखी २५ असा ५० टक्के कर बसवला. तयार कपड्याच्या कारखानदारांनी दिल्लीत आरडाओरडा केला, आणि त्यात खोटे काही नव्हते, त्यांचा धंदा खरोखरच अडचणीत आला होता. सरकारने काय करावे? परदेशी रुईवर फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजपत्रकापासून सगळे मिळून ११ टक्के शुल्क होते. ते १९ ऑगस्टपासून उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे पहिल्या वेचणीपासून ऐन विक्रीच्या भरापर्यंत दार सताड उघडे. लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झालेला होता, आणि खुल्या बाजारात ठिकठिकाणी त्याखाली सौदे होत होते. अमेरिकेने दंड केला कपड्याला, वसूल झाला कापसाकडून.

ही चाल दिल्लीच्या कोणा हुशार सचिवाने शोधून काढलेली नाही. तिचे वय साडेतीनशे वर्षांच्या पुढे आहे, आणि तिची पहिली शिकार होता इंग्लंडचा मेंढपाळ शेतकरी. त्याची हकिगत आम्ही जरा सविस्तर सांगणार आहोत, कारण नावे बदलली तर ती आपलीच वाटावी अशी आहे.

सतराव्या शतकात युरोपातल्या राजांच्या डोक्यात एक कल्पना पक्की बसली होती. देशाची श्रीमंती म्हणजे तिजोरीतले सोने-चांदी. ते यायचे कसे? बाहेर जास्त विकायचे, बाहेरचे कमी घ्यायचे. इंग्लंडात टॉमस मन या व्यापाऱ्याने त्यावर ग्रंथ लिहिला, तो १६६४ मध्ये छापून आला. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याने त्यावर अख्खे राज्य चालवले. या विचाराला मर्कंटिलिझम म्हणतात, मराठीत वणिकवाद. ऐकायला सरळ वाटते. आपल्यातला कोणीही घरप्रपंच असाच चालवतो. पण त्याचा अंमल करताना एक पोटकलम आपोआप आले. पक्का माल बाहेर विकायचा तर तो स्वस्त पडला पाहिजे. तो स्वस्त पडायचा तर कच्चा माल स्वस्त पाहिजे. आणि कच्चा माल स्वस्त राहायचा तर तो पिकवणाऱ्याला दुसरे गिऱ्हाईक मिळता कामा नये.

इंग्लंडचा मोठा उद्योग तेव्हा लोकरी कापडाचा. म्हणून लोकर बाहेर नेण्यावर १६६० च्या सुमारास कायद्याने बंदी झाली आणि १६६२ मध्ये तो देहदंडाचा गुन्हा ठरला. त्याच्याही आधी, एलिझाबेथ राणीच्या राज्यात, जिवंत मेंढी किंवा एडका परदेशी पाठवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला सर्व मालमत्ता जप्त, एक वर्ष कैद आणि मग बाजाराच्या दिवशी भर बाजारात डावा हात तोडायचा, असे लिहून ठेवले होते. दुसऱ्या गुन्ह्याला मरण. लोकरीसाठीचा देहदंड पुढे १६९६ मध्ये काढून टाकला आणि त्याऐवजी पौंडामागे तीन शिलिंग दंड ठेवला. हा दंड मालाच्या किमतीच्या चार-पाच पट होता.

केंट आणि ससेक्स हे आग्नेय किनाऱ्यावरचे दोन परगणे. डोव्हरपाशी समुद्र जेमतेम ३३-३४ किलोमीटर रुंद आहे, पलीकडे फ्रान्स, आणि तिथे लोकरीला भाव चांगला. त्यामुळे या दोन परगण्यांसाठी खास कायदा झाला. समुद्रापासून दहा मैलांच्या आत ज्याच्या मेंढ्या, त्याने कातरणी झाल्यावर तीन दिवसांत सरकारी अंमलदाराला लेखी कळवायचे: लोकर किती निघाली आणि कुठे ठेवली आहे. पंधरा मैलांच्या आत राहणाऱ्या कोणाला लोकर विकत घ्यायची असेल तर त्याने आधी राजाला जामीन लिहून द्यायचा, की हा माल मी पंधरा मैलांच्या पट्ट्यात पुन्हा कोणाला विकणार नाही. शेतकऱ्याच्या कोठारात किती माल आहे याची सरकारला एवढी काळजी! तो जेवला का, याची मात्र कोणी नोंद मागितली नाही.

मग व्हायचे तेच झाले. रोमनी मार्शच्या दलदलीतून रात्री लोकरीचे गठ्ठे होड्यांवर चढू लागले. हे काम करणाऱ्यांना 'आउलर' म्हणत. घुबडावरून पडलेले नाव, असे सांगतात. सरकारच्या दप्तरी ते गुन्हेगार होते. पण त्यांचा गुन्हा काय, तर आपल्या मेंढीची लोकर जास्त भाव देणाऱ्याला विकली.

एवढ्यावर गिरणवाल्यांचे समाधान झाले नाही. लोकरी कापडाला गिऱ्हाईक कमी पडू लागले तेव्हा १६६६ मध्ये आणि पुन्हा १६७८ मध्ये कायदा केला की प्रेतसुद्धा लोकरी कापडातच गुंडाळून पुरले पाहिजे, नाहीतर पाच पौंड दंड. हा कायदा १८१४ पर्यंत पुस्तकात होता. जिवंत माणूस दुसरीकडे जाऊ शकतो, मेलेला कुठे जाणार?

याचा परिणाम भावावर काय झाला ते ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात मांडले आहे. त्याचा हिशेब असा. चौदाव्या शतकात, तिसऱ्या एडवर्डच्या राज्यात, अठ्ठावीस पौंड लोकरीला दहा शिलिंग मिळत, म्हणजे स्मिथच्या काळच्या नाण्यात तीस शिलिंग. आणि स्मिथच्या काळी उत्तम लोकरीला एकवीस शिलिंग मिळाले तर भाव चांगला समजत. चारशे वर्षांत सगळे महागले, लोकर स्वस्त झाली. त्याने कारणे तीन दिली. इंग्लंडची लोकर बाहेर नेण्यास बंदी. स्पेनची लोकर आत आणण्यास शुल्कमाफी. आणि आयर्लंडच्या शेतकऱ्याने लोकर इंग्लंडखेरीज कोणालाच विकायची नाही.

पहिली दोन कारणे पुन्हा वाचा. आपला माल बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि बाहेरचा शुल्काशिवाय आत येऊ द्यायचा. दोन्ही कायदे एकाच सरकारचे, एकाच गिऱ्हाइकासाठी. याला संरक्षण म्हणायचे की खुला व्यापार? पहिले कलम पाहिले तर बंदी, दुसरे पाहिले तर खुलेपणा. शब्दांवर भांडत बसलो तर उत्तर सापडत नाही. फायदा कोणाकडे गेला ते पाहिले की सापडते.

स्मिथने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. लोकरीचा भाव पाडूनही इंग्लंडात मेंढ्या कमी झाल्या नाहीत. मेंढीचे मटण विकले जाई. लोकरीत गेलेले काही अंशी मटणात निघे. आमच्या पऱ्हाटीला मटण नाही. सरकी तर कापसाच्या भावातच धरलेली असते, आणि उरते ती पऱ्हाटी चुलीत जाते.

आता कोणी म्हणेल, लोकरीशी आमचा काय संबंध? संबंध थेट आहे. त्या काळी हिंदुस्थानचे सुती कापड आणि छीट इंग्लंडात एवढे खपू लागले की लोकर आणि रेशीम विणणारे हवालदिल झाले. १७०० मध्ये छापील सुती कापडाच्या आयातीवर बंदी आली. तरी खप थांबेना. १७१९ मध्ये लंडनचे विणकर रस्त्यात बायकांच्या अंगावरचे छिटाचे झगे फाडू लागले. १७२१ मध्ये कायदा झाला की छापील सुती कापड अंगावर घालणेच गुन्हा. घालणाऱ्याला पाच पौंड दंड, विकणाऱ्याला वीस. आपल्या वऱ्हाडचा कापूस तेव्हा लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून तेलंगणात, कोरोमंडलच्या किनाऱ्यावरच्या मागांपर्यंत जाई. लंडनच्या एका कायद्याने सगळे माग बंद पडले असे नाही. माल दुसऱ्या देशांत जात राहिला. पण सर्वांत मोठ्या होऊ घातलेल्या पेठेचे दार लागले ते लागलेच.

पुढे लँकेशायरच्या गिरण्या उभ्या राहिल्या, तरी हिंदी कापडावर इंग्लंडात सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरातले शुल्क एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला होतेच. यंत्रे परदेशी नेण्यावरची बंदी १८४३ पर्यंत होती. गिरण्या जगात सर्वांत पुढे गेल्या, आता स्पर्धेची भीती उरली नाही, तेव्हा मँचेस्टरला एकाएकी खुल्या व्यापाराचा साक्षात्कार झाला. आणि तोही अर्धाच. १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात कर ठेवावा लागला, तर बरोबरी व्हावी म्हणून हिंदी गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी बसवली. ती १९२५ च्या डिसेंबरपर्यंत चालली. म्हणून खुल्या व्यापाराचे नाव काढले की आपल्याकडच्या जुन्या माणसांना मँचेस्टर आठवते. त्यात त्यांची चूक नाही. पण मँचेस्टरने आपल्याला जे दिले ते एका बाजूने उघडणारे दार होते.

गोरा गेला. दार कोणत्या बाजूने उघडायचे ते आता आपले लोक ठरवणार होते. त्यांनी काय ठरवले?

महाराष्ट्रात १९७१ मध्ये कायदा झाला आणि १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. कापूस सरकारलाच विकायचा, दुसऱ्या कोणाला नाही, आणि राज्याबाहेर न्यायचा नाही. ज्यांनी ती आणली त्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. व्यापाऱ्याच्या काट्यातून आणि कवडीमोल भावातून सुटका व्हावी म्हणून कित्येक शेतकऱ्यांनी तिचे स्वागत केले, आणि मंदीच्या काही वर्षांत तिने हातही दिला. पण ज्या साली पलीकडे भाव जास्त, त्या साली काय होई ते नागपूर, यवतमाळ, नांदेडच्या सीमेवरच्या गावांना विचारा. पांढुर्ण्याला किंवा आदिलाबादला क्विंटलमागे चार पैसे जास्त मिळतात म्हणून रात्री बंडीत कापूस भरायचा, वर कडबा टाकायचा आणि नाका चुकवून नदीपार करायचे. केंटमध्ये होडी होती, आमच्याकडे बैलबंडी. स्वतःच्या शेतातला कापूस स्वतःच्याच देशात विकणाऱ्याला चोरट्या वाहतुकीचा गुन्हेगार म्हणत. ज्वारीचे त्याहून जुने आहे: साठ-सत्तरच्या दशकांतली लेव्ही आणि धान्याच्या हालचालीवरची बंदी ज्यांनी पाहिली, त्यांना हे समजावून सांगायला नको.

एकाधिकार गेला, पण दिल्लीचे दार राहिले. एप्रिल २०१० मध्ये रुईच्या निर्यातीवर आधी कर आणि मग निर्यात नोंदणीच बंद. नव्या हंगामात ५५ लाख गाठींचीच मुभा. पुढच्या मार्चमध्ये, २०११ साली, जगाच्या बाजारात रुई पौंडाला दोन डॉलरच्या वर गेली. न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराने तोवर पाहिला नव्हता असा भाव. आपल्याकडेही त्या वर्षी कापसाला भाव मिळाला, नाही असे नाही. पण जगात मिळत होता तेवढा कुंपणाच्या आत पोचला नाही. लगेच पुढच्या वर्षी, ५ मार्च २०१२ ला, पुन्हा निर्यातबंदी. देशाच्या कृषिमंत्र्यांनीच सांगितले की आपल्याला विचारले नव्हते. आठवड्याभरात बंदी सैल झाली, पण ज्याच्या घरात कापूस पडून होता त्याचे आठवड्यात व्हायचे ते होऊन गेले.

कापसाचा भाव वर-खाली होतोच. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले तेव्हा वऱ्हाडात कापसाचे सोने झाले, आणि युद्ध संपताच ते सोने उतरले. खुल्या बाजारात चढ आहे तसा उतारही आहे, हे आपण लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण आपल्या वाट्याला जे आले आहे ते याहून वाईट. भाव चढला की निर्यातबंदी येते आणि चढ छाटला जातो. भाव उतरला की बाजाराचे नियम आठवतात आणि उतार पुरता आपल्या पदरात पडतो. चढ कापून उतार तेवढा ठेवला तर सरासरी कुठे जाईल, हे काढायला पदवी लागत नाही. तुरीचे तेच: मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली आणि मग वर्षामागून वर्ष मुदत वाढत गेली. कांद्याचे तेच: ८ डिसेंबर २०२३ ला बंदी, ती मे २०२४ पर्यंत. गव्हाला मे २०२२ मध्ये कडी लागली, तांदळाला जुलै २०२३ मध्ये.

हे सगळे मिळून किती झाले याचा हिशेब श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संस्थेने आणि दिल्लीच्या इक्रिअरने मिळून २०१८ मध्ये मांडला. २००० ते २०१६ या काळात भारतातल्या शेतकऱ्याला धोरणांमुळे मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के निघाला. खते, वीज, पाणी यांची सगळी सूट जमेला धरून उणे. शंभराचा माल पिकवला तर चौदा रुपये धोरणाने काढून घेतले. शेतकऱ्याला फुकट खाण्याची सवय लागली आहे असे शहरातले पाहुणे लग्नाच्या पंगतीत बोलतात, त्यांना हा आकडा वाढावा.

पहिल्या ठरावाचे मित्र आता विचारतील, संरक्षण वाईट म्हणता, मग जगातले कारखाने संरक्षणाशिवाय उभे राहिले का? नाही राहिले. इंग्लंडचे नाही, अमेरिकेचे नाही. आपल्या देशातल्या गिरण्यांनाही १९३० मध्ये संरक्षणाचा कायदा मिळाला होता. भिंतीच्या आड उद्योग वाढतात हे खोटे नाही. आमचा प्रश्न त्या भिंतीच्या बिलाचा आहे. इंग्लंडात ते मेंढीवाल्याने भरले. इथे कापूसवाल्याने भरले, आणि मुंबईच्या ज्या गिरण्यांसाठी भरले त्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या. आज त्या जागांवर मॉल आणि टोलेजंग इमारती आहेत. आपला त्यात एक चौरस फूटही नाही.

शेतीमालालाही कधी संरक्षण मिळाले आहे. इंग्लंडात १८१५ ते १८४६ परदेशी धान्याला रोखणारे कायदे होते. भाव वर राहिला, तसा जमिनीचा खंडही वर राहिला, आणि लाभ जमीनदाराच्या वाड्यात गेला. कसणारे कूळ बहुतेक होते तिथेच राहिले.

तरीही पहिला ठराव टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. देशात रुई जास्त पिकते आणि बाहेर जाते, त्या वर्षी आयात शुल्काने भाव फारसा चढत नाही. तेव्हा भाव बाहेरच्या गिऱ्हाइकावर ठरतो आणि तिथे निर्यातीचे दारच कामाला येते. पण २०२४-२५ च्या हंगामात निर्यातीपेक्षा आयात जास्त झाली. अशा वर्षी वेचणीच्या तोंडावर शुल्क उठवले की भाव तेवढा खाली येतो, हे २०२५ ने दाखवले. जगाला रुई विकणारा देश विकत घेणारा का झाला, यामागे गुलाबी बोंडअळी आहे, आणि २००६ नंतर कापसाच्या बियाण्याच्या नव्या जनुकीय तंत्रज्ञानाला मिळालेली नाही ती परवानगीही आहे. रुईला दार उघडे, बियाण्याला बंद! ब्राझीलचा शेतकरी नवे बियाणे लावतो, त्याची रुई २०२५ मध्ये इथे शुल्कमाफीने आली, आणि आम्ही त्याच्याशी जुन्या बियाण्यावर शर्यत लावायची.

म्हणून दोन्ही ठराव मिळून एक करावा, असे आम्ही सुचवतो. त्यातली मुख्य मागणी अशी: रुईच्या आयातीचे आणि निर्यातीचे जे काही नियम असतील ते पेरणीआधी, मे महिन्यात, जाहीर व्हावेत आणि शेवटची गाठ विकली जाईपर्यंत त्यांना हात लावू नये. शुल्क असेल तर असेल, नसेल तर नसेल. शेतकरी त्याप्रमाणे ठरवेल की कापूस लावायचा, ज्वारी पेरायची की सोयाबीन. कारखानदाराला मदत करायची असेल तर सरकारने ती आपल्या तिजोरीतून करावी आणि तिचा आकडा लोकसभेत सांगावा. निर्यातबंदीचा अधिकारच काढून घ्यावा. आणि रुई खुली करायची तर बियाणे व कापडही त्याच दिवशी खुले व्हावे.

एका मुद्द्यावर कार्यकर्त्यांत एकमत झालेले नाही. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदान देते. ब्राझीलने २००२ मध्ये त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, २००५ मध्ये अपिलातही जिंकली, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार कोरडवाहू कापसाच्या गरीब देशांनी २००३ पासून हेच गाऱ्हाणे मांडले. त्यांच्या पदरात फार काही पडले नाही. अनुदानाने स्वस्त झालेल्या रुईवर तेवढ्यापुरते भरपाई शुल्क लावणे हे जागतिक नियमांत बसते. मराठवाड्यातले काही सहकारी म्हणतात, तसे शुल्क मागावे. विदर्भातले काही म्हणतात, एकदा शुल्काची सवय लागली की कडी पुन्हा दिल्लीच्या हातात. आमचा कल पहिल्या बाजूला आहे, पण अनुदानाचा आकडा सिद्ध होईल तेवढेच आणि तेवढ्याच काळासाठी. ठरावात हे कलम घालायचे की गाळायचे, ते बैठकीने ठरवावे. मसुदा तालुका शाखांकडे दिला आहे. वाचून दाखवावा आणि दुरुस्त्या लेखी घेऊन याव्यात.